हिवाळी चिनूक: तळालगत गरवायची पद्धत, घरच्या तयारीपासून बर्फात ठेवेपर्यंत

व्हँकुव्हर, सरी, नानाइमो, व्हिक्टोरिया आणि सीमेपलीकडे सिॲटलच्या पट्ट्यात राहणारे आपले बरेच मराठी लोक उन्हाळ्यात सॅमन गरवतात आणि ऑक्टोबर संपला की बोट झाकून ठेवतात. डिसेंबर-जानेवारीत हौसेने जाणारे काही आहेत, पण त्यातले बहुतेक रिकामी पेटी घेऊन परततात आणि ‘थंडीत मासा नसतोच’ असं ठरवून टाकतात. मासा असतो. नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत असतो. चुकतं ते हे, की उन्हाळ्याची पद्धत जशीच्या तशी हिवाळ्यात वापरली जाते.

चिनूक ही सॅमनचीच एक जात. उन्हाळ्यातला चिनूक नदीकडे निघालेला असतो. तो वाटेत कुठेही आणि वेगवेगळ्या खोलीवर भेटतो. हिवाळ्यातला चिनूक अजून अंडी घालण्याच्या वयात आलेला नसतो. तो कुठे निघालेला नाही, खायला थांबलेला आहे. त्याचं खाणं म्हणजे मुख्यतः हेरिंग आणि सँड लान्स नावाचा बारीक, लांबट मासा, ज्याला इथले मासेमार नीडलफिश म्हणतात. थंडीत हे खाणं बहुतेक वेळ खोल, तळाजवळ असतं आणि त्याच्यामागे चिनूकही तिथेच राहतो. ब्रिटिश कोलंबियात याला विंटर स्प्रिंग किंवा फीडर म्हणतात, वॉशिंग्टन राज्यात ब्लॅकमाउथ. आकाराने बहुधा ५ ते १२ पौंड, अंगात भरपूर चरबी.

खाली सांगितलेली प्रत्येक पायरी एकाच कामासाठी आहे: गळ तळापासून काही फुटांवर नेणं आणि तिथेच टिकवणं. लेख जॉर्जियाची सामुद्रधुनी, हाऊ साउंड आणि गल्फ आयलंड्स यांना धरून लिहिला आहे. सिॲटलकडच्या प्युजेट साउंडमध्ये काम हेच, नियम वेगळे. महत्त्वाचे फरक त्या त्या ठिकाणी दिले आहेत.

टप्पा १ : परवाना आणि बंद क्षेत्रं

ब्रिटिश कोलंबियात खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च चालतो. सॅमन ठेवायचा असेल तर त्यावर सॅमनचा वेगळा स्टॅम्प लागतो. तो राहून जातो, कारण परवाना घेताना तो वेगळा निवडावा लागतो. मोटरबोट चालवायला प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड हवं, आणि व्हीएचएफ रेडिओ वापरायला त्याचं प्रमाणपत्र.

समुद्र क्रमांकांच्या क्षेत्रांत विभागलेला आहे. हाऊ साउंड आणि बरार्ड इनलेट म्हणजे क्षेत्र २८, नानाइमोचा भाग १७, फ्रेझरच्या मुखाचा भाग २९. प्रत्येक क्षेत्राला उपक्षेत्रं आहेत आणि नियम उपक्षेत्रानुसार बदलतात. ‘गेल्या वर्षी चालत होतं’ याला काही अर्थ नाही. जायच्या आदल्या रात्री मत्स्य खात्याच्या संकेतस्थळावर त्या उपक्षेत्राचं पान उघडून बघा. फ्रेझर नदीचे चिनूक वाचवण्यासाठी गेली काही वर्षं दक्षिणेकडच्या बऱ्याच भागांत १ एप्रिलपासून चिनूक ठेवायला बंदी लागते, त्यामुळे मार्चचा शेवटचा आठवडा आणि एप्रिलचा पहिला यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

इशारा: हिवाळ्यात आपण तळालगत काम करतो, म्हणून दोन प्रकारची बंद क्षेत्रं नकाशा-यंत्रावर आधीच आखून ठेवा. पहिली, काचस्पंजांचे, म्हणजे काचेसारखा सांगाडा असलेल्या समुद्री जीवांचे, खडक. हाऊ साउंड आणि जॉर्जियाच्या सामुद्रधुनीत ते बऱ्याच ठिकाणी आहेत, आणि ज्यांना संरक्षण दिलं आहे त्यांच्यावरून डाउनरिगर (जड गोळा दोरीने खाली सोडून गळ खोल नेणारं उपकरण) लावून सॅमन गरवायलाही बंदी आहे. जड गोळ्याच्या एका धक्क्याने शेकडो वर्षं वाढलेला स्पंज तुटतो. दुसरी, रॉकफिश संवर्धन क्षेत्रं. ‘मी रॉकफिश धरतच नाही, सॅमनसाठी ट्रोल करतोय’ ही सबब तिथे चालत नाही. सॅमनचं ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत नेणं, तेसुद्धा बंद आहे.

टप्पा २ : दिवस निवडणं (आधी वारा, मग पाणी)

बहुतेक जण भरती-ओहोटीचं कोष्टक बघून दिवस ठरवतात आणि निघताना वाऱ्याकडे नजर टाकतात. हिवाळ्यात क्रम उलटा ठेवा.

दोन वारे ओळखायला हवेत. एक आग्नेयेचा, जो पावसाळी ढगांची पट्टी येण्याआधी सामुद्रधुनीत सुटतो. त्यासाठी हॅलिबट बँकच्या तरंगत्या केंद्रावरच्या लाटांची उंची बघा. दुसरा वारा जास्त फसवा. आतल्या भागातली गोठलेली हवा हाऊ साउंडच्या दरीतून समुद्राकडे धावते, तेव्हा आकाश निरभ्र असतं, ऊन पडलेलं असतं आणि घराच्या खिडकीतून दिवस एकदम उत्तम दिसतो. पॅम रॉक्स या केंद्रावरचा वारा बघितल्याशिवाय हाऊ साउंडमध्ये शिरू नका. तिथे उत्तरेचा वारा १५ नॉटच्या वर असेल तर १७-१८ फुटी बोटीने घरी राहावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्याचं तापमान या दिवसांत ७-८ अंश असतं. इथल्या जीवरक्षणाच्या वर्गांत १-१०-१ असा नियम शिकवतात: पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती साधारण १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. कोकणात समुद्रात वाढलेल्या, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे लागू आहे. लाइफजॅकेट सीटखाली ठेवायचं नाही, अंगात घालायचं. फोन जलरोधक पिशवीत, हातातला व्हीएचएफ छातीला, संकटात मदत मागायचा चॅनल १६ ठाऊक असलेला. आणि किनाऱ्यावरच्या कुणाला तरी परतायची वेळ सांगितलेली.

आता पाणी. डिसेंबरअखेरीस व्हँकुव्हरला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि सव्वाचारला मावळतो, म्हणजे हाताशी आठ तास. या भागात हिवाळ्यातली सर्वांत खोल ओहोटी रात्री येते. दिवसा पाणी बऱ्यापैकी चढलेलं राहतं आणि मधला चढउतार लहान असतो. तळालगत काम करायला हे सोयीचंच आहे. भरती-ओहोटी उलटण्याच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तास सर्वांत मोलाचा. पहिला उजेड आणि पाणी उलटणं एकाच वेळी येत असेल असा दिवस मिळाला तर बाकीची कामं बाजूला ठेवा.

उधाणाच्या दिवसांत टोकांपाशी आणि खिंडींपाशी ओढ इतकी वाढते की गोळा खाली राहत नाही. शिकणाऱ्याने भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे दिवस निवडावेत.

तपासणी: भरतीची वेळ आणि प्रवाह थांबण्याची वेळ एकच नसते. ॲक्टिव्ह पास किंवा पोर्लियर पाससारख्या खिंडींसाठी प्रवाहाची वेगळी कोष्टकं आहेत. तिथे प्रवाह ७ नॉटच्या वर जातो. भरतीच्या कोष्टकावर भिस्त ठेवून अशा खिंडीच्या तोंडाशी गेलात तर मासा सोडा, बोट सांभाळणं कठीण होईल.

टप्पा ३ : घरी करायची तयारी

थंडीत ओल्या बोटांनी गाठ बसत नाही. त्यामुळे लीडर, म्हणजे गळाला बांधायचे दोरीचे तुकडे, सगळे घरी बांधून, गुंडाळून, लेबल लावून न्यायचे. दोन माणसांसाठी आठ-दहा तरी.

रॉड साधारण साडेदहा फुटी, लवचीक. मुख्य दोरी २५ ते ३० पौंडांची मोनोफिलामेंट. इथे सिंगल ॲक्शन रील जास्त चालतो, ज्यात मासा पळाला की मूठ उलटी गरगर फिरते. डाउनरिगरवर किमान २५०-३०० फूट दोरी आणि १५ पौंडांचा गोळा. उन्हाळ्यातला १० पौंडांचा गोळा हिवाळ्यात वापरणं ही पहिली मोठी चूक. का, ते सहाव्या टप्प्यात येईल.

फ्लॅशर, म्हणजे पाण्यात गिरक्या घेत चमकणारी पट्टी, ११ इंची. त्याच्यामागे काय लावायचं, त्यावर लीडरची लांबी ठरते, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

स्पून: माशासारखी चमकणारी धातूची पट्टी, ३ ते साडेतीन इंची, अरुंद. स्पूनला स्वतःची हालचाल असते, म्हणून लीडर लांब, ५ ते ६ फूट. आपल्याकडचा एक वाव म्हणजे बरोबर हेच माप. दोन्ही हात पसरून मोजलं तरी चालतं.

हूची: रबराचा झिरमिळ्यांचा माकूल म्हणा. याला स्वतःची हालचाल अजिबात नाही. फ्लॅशरचा झटका दोरीतून त्याच्यापर्यंत पोचला तरच तो जिवंत वाटतो. म्हणून लीडर आखूड, ३ ते साडेतीन फूट, आणि जाड, ४०-५० पौंडांचा. हूचीला सहा फुटी मऊ लीडर लावला तर ती नुसती मागे फरपटते. दिवसभर काही लागत नाही, आणि कारण कळत नाही.

आमिष: टीझर हेडमध्ये (आमिष धरून फिरवणारी प्लास्टिकची टोपी) बसवलेली अँचोव्ही हा बारीक मासा किंवा छोटी हेरिंग. लीडर ५ ते ६ फूट.

रंगाबद्दल फार डोकं फोडू नका. १५० फुटांवर हिवाळ्यात जवळजवळ अंधार असतो, तिथे अंधारात चमकणारा हिरवट-पांढरा रंग चालतो. चमक टिकावी म्हणून पाण्यात सोडण्याआधी टॉर्चने प्रकाश द्या. खाण्याचा आकार मात्र महत्त्वाचा: मासे नीडलफिश खात असतील तर अरुंद स्पून, हेरिंग खात असतील तर जरा रुंद.

अँचोव्ही आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून, ट्रेमध्ये पसरून वर जाडं मीठ भुरभुरवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. आयोडीनवालं टेबल मीठ नको. सकाळी मासा दोन बोटांत धरून बघा. पाठ ताठ लागली पाहिजे, पोट फुटलेलं नसावं आणि खवले अंगावर शाबूत असावेत. बोट चोळल्यावर खवले निघत असतील तर तो मासा बाजूला काढा. चकाकी गेलेलं आमिष फिरतं छान, पण धरलं जात नाही. हाताला पेट्रोलचा वास असेल तर साबणाने धुऊन मगच आमिषाला हात लावा.

तपासणी: ब्रिटिश कोलंबिया आणि प्युजेट साउंड, दोन्हीकडे सॅमनसाठी उलटा काटा नसलेले गळ बंधनकारक आहेत. पक्कडीने काटा चेपा आणि गळ जुन्या सुती कापडात खुपसून बाहेर ओढा. धागा अडकला तर काटा अजून शिल्लक आहे. मग टोक नखावर टेकवून सरकवा. नखावर रुतलं पाहिजे; घसरलं तर कानस लावा किंवा गळ बदला.

टप्पा ४ : जागा

बोवेन बेटाचा कोवन पॉइंट, पॉइंट ॲटकिन्सन, गॅब्रिओलाजवळचा थ्रॅशर रॉक ही नावं कानावर येतात. नाव कळणं पुरेसं नाही. त्या नावाच्या आत नेमकं कुठे, ते कळायला हवं.

समुद्राच्या नकाशावर तीन गोष्टी शोधा: १०० ते २०० फुटांच्या दरम्यानचा सलग, फार खडकाळ नसलेला तळ, त्याच्या कडेला खोलात उतरणारा उतार, आणि जवळ एखादं टोक किंवा उंचवटा, ज्याच्या आडोशाला प्रवाहात भोवरा तयार होतो. हेरिंग त्या आडोशाला थांबते. भरतीत टोकाच्या एका बाजूला, ओहोटीत दुसऱ्या बाजूला. पाणी उलटलं की तुम्हालाही बाजू बदलावी लागते. सकाळी आठला मासा मिळाला त्याच जागी दुपारी दोनपर्यंत घिरट्या घालणारे बरेच दिसतात, आणि मासा केव्हाच टोकाच्या पलीकडे गेलेला असतो.

गळ पाण्यात सोडण्याआधी सोनार लावून एक फेरी मारा. तळाला चिकटलेले ढगासारखे पुंजके म्हणजे हेरिंग. तळावर पातळ, गवतासारखा थर दिसला तर बहुधा नीडलफिश. काहीच नसेल तर तिथे थांबू नका, जागेचं नाव कितीही मोठं असो.

टप्पा ५ : गळ खाली सोडण्याचा क्रम

१. बोट आधी सरळ आणि ठरलेल्या वेगावर आणा, पाण्यातला वेग साधारण ताशी २ ते ३ मैल. थांबलेल्या बोटीवरून काहीही सोडू नका.

२. फ्लॅशर आणि आमिष बोटीच्या कडेला पाण्यात धरून बघा. फ्लॅशर पूर्ण गिरकी घेतोय का? अँचोव्ही घट्ट, वेगाने स्वतःभोवती फिरतेय का? नुसती डुलत असेल तर बाहेर काढून आतली तार जरा वाकवा. वर जे चुकीचं दिसतं ते १६० फुटांवर बरोबर होत नाही.

३. १५ ते २० फूट दोरी मागे सोडा आणि मग डाउनरिगरच्या दोरीवरच्या, मासा लागला की सुटणाऱ्या क्लिपमध्ये अडकवा. उन्हाळ्यात ४०-५० फूट सोडायची सवय असते. तळालगत इतकी दोरी मागे ठेवली तर वळणावर ती खाली बसते आणि गळ दगडात अडकतो.

४. गोळा हळू, ब्रेकवर हात ठेवून खाली न्या. धाडकन सोडला तर लीडर फ्लॅशरला गुंडाळला जातो, आणि ते तुम्हाला पुढच्या तपासणीपर्यंत कळणारच नाही.

५. खोलीवर पोचल्यावर रील गुंडाळून रॉड चांगला वाकवून होल्डरमध्ये ठेवा. दोरी सैल राहिली तर मासा लागल्यावर गळ रुतत नाही.

६. पहिला रॉड नीट लागल्यावरच दुसरा सोडा.

तपासणी: रॉडच्या शेंड्याकडे बघा. फ्लॅशर नीट फिरत असेल तर शेंडा एका लयीत ठोके देतो. लय तुटक असेल किंवा शेंडा निपचित असेल तर वर काढा, कचरा किंवा गुंता आहे.

टप्पा ६ : तळ धरून चालणं

सगळं यश-अपयश इथे आहे, म्हणून यावर वेळ घालवतो.

गोळा तळाला टेकेपर्यंत न्या. टेकला की डाउनरिगरची दोरी क्षणभर सैल पडते आणि हाताला ठक्क जाणवतं. लगेच वर घ्या, ३ ते १० फूट. सपाट, वाळूच्या तळावर ३-५. खडकाळ किंवा चढउताराच्या तळावर १० पर्यंत. त्याहून वर राहिलात तर बहुतेक दिवशी तुम्ही माशाच्या डोक्यावरून जात आहात.

दोरी मोजणारा काटा २०० दाखवतोय म्हणजे गोळा २०० फुटांवर आहे, असं धरून चालणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. बोट पुढे जाते, खालचं पाणी ढकलतं, आणि दोरी तिरकी होते. उभ्या रेषेपासून ३० अंश तिरकी झाली तर २०० फूट दोरी सोडूनही गोळा १७३ फुटांच्या आसपासच असतो. सत्तावीस फुटांची ही तफावत म्हणजे रिकामा दिवस. १५ पौंडांचा गोळा यासाठी हवा. दोरीचा कोन डोळ्यांनी बघत राहा, काट्यावरचा आकडा फक्त मागची खोली पुन्हा साधण्यासाठी वापरा.

तळ बदलतो तसा गोळाही बदलला पाहिजे. एकाने सोनारवर नजर ठेवायची आणि ‘चढतोय’, ‘उतरतोय’ सांगायचं. दुसऱ्याने डाउनरिगर हाताळायचा. एकटे असाल तर एकच रॉड लावा. अधूनमधून, दर पाच-सात मिनिटांनी, गोळा मुद्दाम तळाला टेकवून वर घ्या. तळ खरा कुठे आहे ते कळतं, आणि वाळूतून उठलेला धुरळा बघून चिनूक पुढे येतो असं इथले जाणते मासेमार मानतात. काचस्पंजाजवळ हे अर्थातच करायचं नाही.

प्रवाहाच्या दिशेने चाला. प्रवाहाविरुद्ध चाललात तर दोरी आणखी तिरकी होते, गोळा वर उचलला जातो आणि बोट जागच्या जागी कष्ट करत राहते. एक पट्टा प्रवाहाबरोबर संपवायचा, गळ वर घ्यायचे, वेगाने मागे जाऊन तोच पट्टा पुन्हा धरायचा. यात वेळ वाया जातो असं वाटतं, पण मासे असेच मिळतात.

वेगासाठी जीपीएसवर विसंबू नका. जीपीएस जमिनीच्या तुलनेत वेग सांगतं. दोन नॉटच्या प्रवाहात तो आकडा निरर्थक आहे. रॉडचा ठोका आणि दोरीचा कोन यांवरून वेग ठरवा. वळताना आतल्या बाजूचा गळ मंदावून खाली बसतो, बाहेरचा वेग घेऊन वर येतो. म्हणून वळण्याआधी आतला गोळा दहा फूट वर घ्या. वळणावर मासा लागलाच तर कोणत्या रॉडला लागला ते लक्षात ठेवा. बाहेरच्या रॉडला लागला असेल तर तुमचा नेहमीचा वेग कमी पडतोय, आतल्याला लागला असेल तर जास्त होतोय.

इशारा: गोळा दगडात अडकला तर इंजिन ताबडतोब न्यूट्रल करा आणि डाउनरिगरचा ब्रेक सोडा. प्रवाहात अडकलेली दोरी बोटीचा मागचा कोपरा खाली खेचते आणि छोट्या बोटीत तिथूनच पाणी शिरतं. दोरी सैल करून, जिथून आलात त्या दिशेने मागे जाऊन वेगळ्या कोनातून ओढा. सुटत नसेल तर दोरी कापा. धारदार सुरी हाताशी, टूलबॉक्समध्ये नव्हे.

टप्पा ७ : दर वीस मिनिटांनी वर काढणं

हिवाळ्यात लहान चिनूक भरपूर लागतात. दहा-बारा इंचांचं पिल्लू क्लिप सोडवू शकत नाही. ते तसंच मागे ओढलं जातं आणि मरतं. शिवाय त्या गळावर मोठा मासा येत नाही. म्हणून काही हालचाल दिसो वा न दिसो, वीस मिनिटांनी गळ वर काढून बघा. थंडीत हे जिवावर येतं. तरीही काढा. उद्याचा मासा तोच आहे.

क्लिपचा ताण जेमतेम ठेवा, लहान मासाही शेंडा हलवू शकेल इतपत. शेंड्याची लय जरा जरी बिघडली तरी वीस मिनिटांची वाट बघू नका.

लागोपाठ पिल्लंच येत असतील तर जागा सोडा किंवा मोठं आमिष लावा. मुशी लागायला लागल्या तरीही तेच. एकामागून एक मुशी वर ओढण्यात दिवस संपतो आणि लीडर सगळे खरवडून निघतात.

तपासणी: प्रत्येक वेळी लीडर बोटांतून ओढून बघा. खरखरीत लागला तर बदला.

टप्पा ८ : मासा लागल्यावर

शेंडा थरथरतो, मग क्लिप सुटते आणि रॉड एकदम सरळ होतो. इथे लोक थांबतात, कारण मासा गेला असं वाटतं. थांबू नका. रॉड उचला आणि ताण लागेपर्यंत वेगाने रील फिरवा. दीडशे फुटांवरून सुटलेल्या दोरीचा झोळ भरून निघायला वेळ लागतो. काटा नसलेला गळ ताण गेला की निसटतो, त्यामुळे शेवटपर्यंत ताण हवा.

दुसऱ्याने बाकीचा रॉड आणि दोन्ही गोळे वर घ्यायचे. बोट पूर्ण थांबवू नका, हळू पुढे चालू ठेवा.

मासा पळायला लागला की सिंगल ॲक्शन रीलची मूठ सोडून द्या. ती धरून ठेवायला गेलात तर बोटांची सालं निघतात आणि दोरीही तुटते. तळहाताने रीलची कड हलकेच दाबून वेग कमी करा. तो थांबला की पुन्हा तुमची पाळी. बोटीजवळ आल्यावर तो एकदा तरी सरळ खाली झेपावतो. त्यासाठी तयार राहा.

टप्पा ९ : ठेवायचा की सोडायचा, हे जाळ्याआधी ठरवा

मासा पाण्यात असतानाच ओळखा. चिनूकच्या खालच्या हिरड्या काळ्या असतात आणि शेपटीच्या दोन्ही पाळ्यांवर ठिपके. कोहो या दुसऱ्या जातीच्या सॅमनची हिरडी दातांच्या मुळाशी पांढुरकी आणि ठिपके वरच्या पाळीवरच. नंतर पाठीवर, शेपटीच्या अलीकडे छोटा मांसल पर आहे का ते बघा. हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेल्या पुष्कळ माशांचा तो कापलेला असतो. काही भागांत, काही काळ फक्त असाच मासा ठेवता येतो.

माप: जॉर्जियाच्या सामुद्रधुनीत चिनूकसाठी किमान ६२ सेंटिमीटर, नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत. वॉशिंग्टनमध्ये २२ इंच, पण मोजायचं शेपटीच्या टोकापर्यंत. दोन्हीकडे गरवणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. आणखी एक फरक लक्षात ठेवा: वॉशिंग्टनच्या समुद्रात जो सॅमन ठेवायला परवानगी नाही, तो बोटीत उचलून घेणंही बेकायदा आहे, फोटोसाठीसुद्धा उचलायचा नाही.

सोडायचा मासा जाळ्यात घेऊच नका. लीडर एका हातात धरा, गळ काढायची आकडी लीडरवरून सरकवत गळाच्या वाकात न्या, आकडी वर आणि लीडर खाली करा. मासा आपल्या वजनाने सुटून पडतो. हात लागत नाही, खवले जात नाहीत.

ठेवायचा असेल तर जाळं आधी पाण्यात बुडवून धरा आणि मासा डोक्याकडून त्यात ओढून घ्या. जाळ्याने माशाचा पाठलाग करायचा नाही. शेपटीकडून घातलेलं जाळं गळाला लागतं आणि मासा जातो.

इशारा: किलर व्हेल दिसले तर १००० मीटरच्या आत गरवणं थांबवा, गळ वर घ्या, त्यांना जाऊ द्या. इथले दक्षिणेकडचे व्हेल याच चिनूकवर जगतात आणि त्यांची संख्या फार थोडी उरली आहे. वॉशिंग्टनमध्ये २०२५ पासून त्या व्हेलपासून १००० यार्ड दूर राहणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

टप्पा १० : मासा घेतल्यावर पहिली दहा मिनिटं

डोक्यावर एक नेमका फटका, लगेच. नंतर दोन्ही बाजूंचे कल्ले कापून मासा पाण्याच्या बादलीत डोकं खाली करून ठेवा. रक्त निघून गेलं की मांस स्वच्छ राहतं. मगच आतडी काढा. पोट उघडल्यावर जठर कापून आत काय आहे ते बघा, नीडलफिश की हेरिंग. पुढचा स्पून त्यावरून निवडा. दिवसभरातली सर्वांत उपयोगी माहिती तिथे मिळते, आणि बहुतेक जण ती समुद्रात फेकून देतात.

ब्रिटिश कोलंबियात ठेवलेला चिनूक तिथल्या तिथे परवान्यावर नोंदवावा लागतो, धक्क्यावर पोचल्यावर नव्हे. कागदी परवाना असेल तर शाईचा पेन न्या. थंडीत फोनची बॅटरी अचानक मान टाकते, त्यामुळे डिजिटल नोंद करणाऱ्यांनी फोन आतल्या खिशात ठेवावा.

बाहेर चार अंश थंडी आहे म्हणून बर्फ नको, असं समजू नका. इंजिनाजवळच्या पेटीत मासा गरम होतो. पेटीत कुटलेला बर्फ, पोटातही बर्फ. घरी पोचेपर्यंत तुकडे करू नका. जात, माप आणि पर ओळखता आला पाहिजे.

घरी कापताना लक्षात येईल की याची चरबी उन्हाळ्याच्या माशापेक्षा जास्त आहे. हळद-तिखट-आगळ लावून तव्यावर टाकला तर तेल जेमतेम लागतं, आणि आंच मंद ठेवली नाही तर बाहेरून करपतो. कच्चा खायचा असेल तर आधी उणे २० अंशांना ७ दिवस गोठवायला हवा, परजीवी कृमींसाठी. घरच्या साध्या फ्रीजरचं तापमान तिथपर्यंत जात असेलच असं नाही, ते थर्मामीटरने बघून घ्या.

मांसल पर कापलेला मासा असेल तर डोकं टाकू नका. त्यात मिलिमीटरभर लांबीची सांकेतिक तार असू शकते, ज्यावरून तो कोणत्या हॅचरीचा आणि कोणत्या वर्षीचा हे कळतं. डोकं पिशवीत घालून तारीख, जागा आणि क्षेत्र क्रमांक लिहा आणि जवळच्या संकलन केंद्रावर द्या. बऱ्याच मरीनांवर आणि गळाच्या दुकानांत ती पेटी ठेवलेली असते. लगेच जाणं होणार नसेल तर तोवर पिशवी फ्रीजरमध्ये.